झाडावरून की झाडाखालून?

लखनऊ छावनीच्या परिसरात दिलकुशा कोठीचे अवशेष आहेत. छप्पर कधीच गेलं, भिंती आणि मनोरे तेवढे उरलेत. नवाब सआदत अली खान यांच्यासाठी मेजर गोर औसली या इंग्रजानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली ही शिकारीची कोठी. नमुना म्हणून त्यानं इंग्लंडमधला सीटन डेलाव्हल हॉल समोर ठेवला होता. १८५७ च्या उठावात, २४ नोव्हेंबरला, इंग्रज सेनापती सर हेन्री हॅवलॉक आमांशानं गेला तो इथंच. त्या वर्षापर्यंत लखनऊची छावनी गोमतीच्या उत्तरेला मडियांवला होती. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी ती नदीच्या अलीकडे, दिलकुशाच्या बाजूला आणली. आज लष्कराच्या मध्य कमांडचं मुख्यालय याच छावनीत आहे आणि बदलीच्या नोकरीमुळे देशभरातली कुटुंबं इथं दोन-तीन वर्षांचा संसार मांडतात. त्यात मराठी घरंही आलीच.

समजा, अशाच एका घरातल्या आठवीतल्या मुलीला इतिहासाचा प्रकल्प करायचाय. तक्त्यावर चित्रं चिकटवण्याचा तिला कंटाळा आलाय. मग ती ‘माइनक्राफ्ट’मध्ये ठोकळ्यांवर ठोकळे रचून सिकंदरबागेची भिंत उभी करते, आत एक पिंपळ लावते, खाली पाण्याचे रांजण मांडते, स्क्रीनशॉट काढते आणि प्रत्येक चित्राखाली चार ओळी लिहायला बसते. पहिल्या ओळीलाच गाडं अडतं. ही गोष्ट सांगतंय कोण?

गेममधल्या चित्रांनी कथा सांगण्याचा उद्योग आता पंचवीस वर्षांहून जुना आहे. फेब्रुवारी २००० मध्ये विल राइट यांचा ‘द सिम्स’ हा गेम आला. त्यात घरातल्या प्रसंगांचे फोटो काढून अल्बम करण्याची आणि प्रत्येक फोटोखाली मजकूर लिहिण्याची सोय होती. कंपनीला त्यातून कौटुंबिक आठवणी अपेक्षित असाव्यात. लोकांनी कादंबऱ्या लिहायला घेतल्या. तेव्हापासून युद्धाचे गेम, शेतीचे गेम, राज्य चालवण्याचे गेम, सगळ्यांतून अशा सचित्र कथा निघाल्या. त्या लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला छावनीतल्या त्या मुलीचा प्रश्न पडतो. नुसती कथा लिहिणाऱ्यापेक्षा त्याचं काम अवघडही असतं, कारण शब्द उमटण्याआधी कॅमेऱ्यानं एक डोळा निवडून ठेवलेला असतो.

सिकंदरबागेचं उदाहरण इथं फार उपयोगी पडतं. वाजिद अली शाहनं आपल्या सिकंदर महल बेगमेसाठी बांधलेली ही तटबंद बाग छावनीपासून फार लांब नाही. आज त्या आवारात राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आहे. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी सर कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेनं ती घेतली. त्या दिवसाची एक हकिगत ९३व्या हायलँडर्स पलटणीतल्या विल्यम फोर्ब्स-मिचेल या सार्जंटानं पुढं १८९३ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात नोंदवली. बागेत एक मोठा पिंपळ होता, त्याच्या बुंध्याशी थंड पाण्याचे रांजण होते. लढाईनंतर तहानलेले शिपाई तिकडं वळायचे. झाडाखाली मेलेल्या गोऱ्यांची संख्या जरा जास्तच दिसते, हे कॅप्टन डॉसनच्या लक्षात आलं. त्यानं जखमा पाहिल्या. गोळ्या वरून खाली शिरलेल्या होत्या. मग एका शिपायानं फांद्यांमध्ये नेम धरला आणि एक देह खाली कोसळला. अंगावर लाल जाकीट, जवळ जुन्या पद्धतीची दोन पिस्तुलं. आणि ती बाई निघाली. फोर्ब्स-मिचेलला तिचं नाव माहीत नव्हतं. अवधच्या लोकपरंपरेत ती पासी समाजातली ऊदा देवी. सिकंदरबागेपाशी आज तिचा पुतळा आहे.

आता स्क्रीनशॉट घ्यायचाय. कॅमेरा कुठं ठेवायचा?

पहिली जागा फांदीवरची. चित्रात पुढं पानं, पानांच्या फटीतून दिसणारा रांजण, त्याच्याकडे चालत येणारी एक लाल-पांढरी ठोकळ्यांची आकृती. बाईचा चेहरा चित्रात नाही, असूच शकत नाही. फार तर हात आणि पिस्तुलाचं टोक. खाली ओळ: ‘तो आधी इकडंतिकडं बघेल. मग वाकेल. वाकल्यावर टोपी पुढं येते आणि मान उघडी पडते.’ वाचक तिच्याबरोबर श्वास रोखून बसतो. झाडावर कोण आहे हे त्याला ठाऊक आहे, खालच्याला नाही. ताण सगळा त्या फरकातून येतो.

दुसरी जागा डॉसनच्या खांद्यामागची. रांजण, पडलेली माणसं, वर नुसता हिरवा पसारा. ‘पाच जण. पाचही जण पाण्यापाशी.’ वाचकाला आता कॅप्टनइतकंच ठाऊक आहे, त्यामुळे तीच घटना रहस्यकथा होते. बाई शेवटच्या चित्रात प्रथम दिसते आणि ती बाई आहे हा धक्का वाचकाला नेमका त्या शिपायांबरोबर बसतो. इथं आधीचा एक जरी स्क्रीनशॉट फांदीवरून घेतला, तर सगळं मुसळ केरात.

तिसरी जागा आकाशातली. बाग चौकोनी दिसते, पिंपळ हिरवा ठिपका, माणसं त्याहून लहान ठिपके. ‘त्या दिवशी सिकंदरबागेत सुमारे दोन हजार माणसं मेली.’ यात ताण नाही आणि रहस्यही नाही. प्रमाण मात्र इथंच कळतं, वरच्या दोन जागांवरून ते कधीच कळत नाही. बाकी दोघं आपापल्या जीवन-मरणात इतके गुंतलेत की आकडा मोजायला कुणाला फुरसत आहे?

माइनक्राफ्टच्या संगणकावरच्या आवृत्तीत हे सगळं तीन कळांवर चालतं. एफ-वन दाबला की पडद्यावरची हृदयं, सामानाची पट्टी वगैरे नाहीसं होतं. एफ-टूनं चित्र निघतं. आणि एफ-फाइव्ह दाबला की कॅमेरा पात्राच्या डोळ्यांतून निघून त्याच्या पाठीमागं जातो, पुन्हा दाबला की समोर येतो. मोबाइलवर ‘बीजीएमआय’ खेळणाऱ्या पोरांना हेच ‘एफपीपी’ (पात्राच्या डोळ्यांतून) आणि ‘टीपीपी’ (पात्राच्या बाहेरून) या नावांनी तोंडपाठ असतं. भिंतीआडून टीपीपीत जास्त दिसतं म्हणून त्यांची भांडणंही होतात. ती भांडणं खरं तर निवेदनशास्त्राचीच आहेत. पात्राला जे दिसू शकत नाही ते खेळणाऱ्याला दिसावं का, हाच दोन्हीकडचा वाद.

नवखे लिहिणारे ठेचकाळतात ते बहुधा एका ठरावीक जागी. मजकूर ‘मी’नं सुरू होतो आणि चित्रात त्या ‘मी’ची पाठ दिसते. ‘मी दार ढकललं’, आणि वर दार ढकलणाऱ्या माणसाचं मागून काढलेलं चित्र. मग हे चित्र काढलं कुणी? काही जण म्हणतात, चालतं, वाचकाला सवय असते. ते अर्धंच खरं आहे. मजकूर भूतकाळात असेल, म्हातारपणी सांगितलेल्या आठवणीचा सूर असेल, तर पाठीमागचं चित्र खपून जातं. जुना प्रसंग आठवताना माणूस पुष्कळदा स्वतःलाही त्या खोलीत उभा असलेला पाहतोच. पण ‘मी दार ढकलतेय, आत अंधार आहे, पायाला काहीतरी लागलं’ असा चालू क्षण असेल तर मागची पाठ तिथं उपरी वाटते. आत अंधार आहे म्हणणारीच्या मागं उभं राहून आपण तिचा अंबाडा बघत असतो.

मराठी वाचकाला निवेदक बदलण्याची सवय नाही असं मात्र कुणी म्हणू नये. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’त (१९६७) कर्णाखेरीज कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण बोलतात, आणि कर्ण वाचणाऱ्याच्या मनात मोठा होतो तो बराचसा इतरांच्या बोलण्यातून. स्क्रीनशॉटच्या कथेत हा प्रयोग करणाऱ्याला एक गोष्ट जास्तीची सांभाळावी लागते. कादंबरीत प्रकरणावर ‘वृषाली’ असं नाव छापलं की भागतं. चित्रकथेत डोळाही बदलावा लागतो: दुर्योधन बोलत असताना कर्ण दुर्योधनाच्या उंचीवरून, त्याच्या आसनावरून दिसला पाहिजे. नाव बदललं आणि कॅमेरा तिथंच राहिला, तर सहाही पात्रं एकाच माणसाच्या आवाजात बोलल्यासारखी वाटतात.

चित्र एकानं दाखवायचं आणि तोंडानं दुसराच होऊन बोलायचं, ही कला कोकणात जिवंत आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले चित्रकथी एका आख्यानाच्या सुट्या चित्रांची गड्डी, म्हणजे पोथी, पुढ्यात घेऊन बसतात. सावंतवाडी संस्थानानं त्यांना आश्रय दिला होता. एकेक चित्र श्रोत्यांसमोर उभं धरलं जातं. वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीनं रामायण-महाभारतातली कथा पुढं सरकते. या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीच्या चित्रातली पात्रं बहुतेक एका बाजूनं रेखलेली, एकमेकांकडे तोंड करून उभी असतात. चित्र कुणाच्याच डोळ्यांतून पाहिलेलं नसतं. त्यामुळे सांगणारा मोकळा राहतो: आता तो सूत्रधार, पुढच्या वाक्याला रावण, लगेच सीता, आणि चित्र तेच. स्क्रीनशॉट लिहिणाऱ्यांनी हे पाहून ठेवण्यासारखं आहे. दोन पात्रांचा वाद रंगवायचा असेल तर कॅमेरा आडवा, दोघांपासून सारखाच दूर ठेवावा. मग शब्दांना दोघांच्या मनांत जायला वाट मिळते. कुणा एकाच्या खांद्यामागून काढलेलं चित्र आधीच बाजू घेऊन बसतं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली आणलेल्या ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ या गेमनं याच प्रश्नाचं एक देखणं उत्तर दिलं. असुरांच्या हल्ल्यात धाकटा भाऊ गोलू पळवला जातो आणि राजी नावाची मुलगी त्याच्या शोधात निघते. गोष्ट राजीची, पण सांगतात दुर्गा आणि विष्णू. खेळताना कॅमेरा बराच वर आणि दूर असतो. भल्यामोठ्या मंदिरांच्या, दालनांच्या पसाऱ्यात ती मुलगी एवढीशी दिसते. इतर गेममध्ये हे अंतर नुसती सोय म्हणून ठेवलेलं असतं. इथं ते सांगणाऱ्यांना शोभतं, कारण वरून बघणारे देवच बोलताहेत. मधूनमधून सावल्यांच्या बाहुल्यांच्या शैलीत कथा पुढं नेली जाते आणि भिंतींवरची चित्रं पुराणातले प्रसंग सांगतात. कॅमेरा आणि आवाज एकाच जागी असले की वाचकाला, खेळणाऱ्याला, काहीच समजावून सांगावं लागत नाही.

वरून बघणाऱ्याचा आवाज मात्र देवाचाच असला पाहिजे असं नाही. २००९ साली रॉबिन बर्किनशॉ या इंग्लंडमधल्या गेम डिझाइनच्या विद्यार्थ्यानं ‘द सिम्स ३’मध्ये बेघर बाप-लेक तयार केले, केव्ह आणि अॅलिस. बाप तिरसट, डोकं फिरलेला, मुलांचा तिटकारा असलेला. मुलगी मायाळू आणि आत्मविश्वास हरवलेली. घर नाही, पैसे नाहीत. मग तो बघत राहिला आणि चित्रांसह लिहीत राहिला. त्याचा सूर एखाद्या शेजाऱ्याचा आहे: आज अॅलिस बाकावर झोपली, आज तिला भूक लागली होती. ती काय विचार करते हे तो ठामपणे सांगत नाही, कारण ते त्याला खरोखरच माहीत नसतं. अॅलिसच्या पुष्कळशा हालचाली गेम स्वतः ठरवतो. एका प्रसंगात मोठ्या कष्टानं मिळालेली पहिली कमाई ती पाकिटात घालते आणि धर्मादाय संस्थेला देऊन टाकते. लिहिणारा थक्क होतो, वाचणाराही. हीच कथा अॅलिसच्या ‘मी’तून लिहिली असती तर त्या पाकिटाला कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण दिलं की प्रसंगातला दम गेला असता.

उलट्या दिशेचं उदाहरण ख्रिस्तोफर लिव्हिंगस्टन यांच्या ‘कन्सर्न्ड’चं. २००५-०६ मध्ये त्यांनी ‘हाफ-लाइफ २’ या गेममधल्या चित्रांची दोनशेवर भागांची विनोदी मालिका केली. मूळ गेममध्ये आपण गॉर्डन फ्रीमन या नायकाच्या डोळ्यांतूनच बघतो. त्याचा चेहरा दिसत नाही, तो बोलतही नाही. लिव्हिंगस्टननी ‘गॅरीज मॉड’ हे साधन वापरून कॅमेरा त्या डोळ्यांतून बाहेर काढला आणि त्याच शहरात गॉर्डन फ्रोमन नावाचा एक बावळट गडी सोडला. नायकाच्या नजरेला जी भयाण हुकूमशाही दिसते, ती या गड्याला मोठी नीटनेटकी व्यवस्था वाटते. शहर तेच, शिपाई तेच, भिंतीही त्याच. पाहणारा बदलला आणि शोकांतिकेची फजितीकथा झाली.

१८५७ वर प्रसिद्ध गेममध्ये काय आहे म्हणाल, तर २००७ साली आलेल्या ‘एज ऑफ एम्पायर्स ३’च्या ‘द एशियन डायनॅस्टीज’ या भागात त्या उठावाभोवती रचलेली एक मोहीम आहे. तिचा नायक नानिब साहिर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतला हिंदी अधिकारी. त्यातले स्क्रीनशॉट घेऊन कथा लिहायला बसणाऱ्यापुढे वेगळीच पंचाईत असते. पडद्याच्या कडेला अन्न, लाकूड आणि नाण्यांचे आकडे मांडलेले असतात, शिपाई मुंग्यांएवढे दिसतात. असं चित्र वर आणि खाली ‘नानिबच्या डोळ्यांत पाणी तरळलं’ असं वाक्य लिहिलं, तर ते कुणाला दिसलं? लेखकाला दोनच मार्ग उरतात: एक तर आकडे झाकून, जमेल तितकं जवळ जाऊन चित्र काढायचं, नाहीतर आकड्यांनाच निवेदक करायचं. दुसरा मार्ग कोरडा वाटेल, पण रसदखात्यातल्या एखाद्या कारकुनाच्या रोजनिशीसारखी ती कथा जमून येऊ शकते. आज धान्य इतकं, आज माणसं इतकी, कालच्यापेक्षा चाळीस कमी.

लखनऊत चित्र आणि मजकुराचे हे खेळ गेमच्या कितीतरी आधी खेळले गेलेत. मार्च १८५८ मध्ये फेलिचे बिआतो हा छायाचित्रकार इथं आला. सिकंदरबागेचा त्यानं काढलेला फोटो जगभर छापला गेला: मागं गोळ्यांनी विदीर्ण झालेली इमारत, थोडी माणसं, एक घोडा आणि पुढच्या अंगणात विखुरलेली हाडं. लढाई होऊन तेव्हा चार-पाच महिने उलटले होते. फोटोसाठी ती हाडं उकरून काढली होती, असं त्या वेळी लखनऊत असलेल्या सर जॉर्ज कॅम्पबेल या मुलकी अधिकाऱ्यानं आठवणींत लिहून ठेवलंय. म्हणजे देखावा मांडलेला, आणि खाली ओळ दोन हजार बंडखोरांच्या कत्तलीची. ती करणाऱ्या पलटणींची नावंही दिलेली. वाक्य विजेत्याचं आहे. तोच फोटो ऊदा देवीची गोष्ट सांगणाऱ्याच्या हाती दिला, तर एक रेघही न बदलता त्याचा अर्थ उलटतो.

दरोगा अब्बास अलीचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. हा लखनऊच्या नगरपालिकेतला अभियंता आणि छायाचित्रकार. १८७४ साली त्यानं ‘द लखनऊ अल्बम’ काढला: शहरातल्या इमारतींचे पन्नास फोटो, एक मोठा नकाशा आणि सोबत इंग्रजी मजकूर. मजकूर १८५७ च्या वेढ्यात अडकलेल्या इंग्रजांच्या बाजूनं चालतो, कारण विकत घेणारे तेच होते. इथल्या भिंती बघायला येणारे साहेब आणि मडमा. कॅमेऱ्यामागचा डोळा लखनऊच्या माणसाचा, त्याखालचा आवाज पाहुण्यांच्या सोयीचा. त्याच वर्षी त्यानं दुसराही संग्रह काढला, अवध दरबारातल्या आणि शहरातल्या गायिका-नर्तकींच्या चोवीस छायाचित्रांचा. त्यात बायका भरजरी पोशाखात बसलेल्या, उभ्या राहिलेल्या आहेत. बोलतो सगळा वेळ अब्बास अलीच. प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या मुलीनं सिकंदरबाग करून झाल्यावर यातली एक बाई घ्यावी, तिची बैठकीची खोली ठोकळ्यांनी रचावी, एफ-फाइव्ह दाबून कॅमेरा तिच्या डोळ्यांत न्यावा आणि समोर तिपाईवर कॅमेरा लावून उभ्या असलेल्या दरोग्याचं चित्र काढावं. खाली काय लिहायचं ते मग तिचं तिनं ठरवावं.